नखाचे कान

"आईगं! हळू रे सिद्रामा! बोट हाय ते, वाळूक न्हाय."

कुडाच्या अलीकडं अयोध्या शेंगा फोडत बसली होती. तुराट्यांचा कूड तो, शेण-मातीनं लिंपलेला, तोही निम्माच. पलीकडं कुणी सुस्कारा टाकला तरी तिच्या सुपात पडायचा. पलीकडच्या लिंबाखाली तिचा नवरा सिद्रामप्पा गावातल्या बापयांची दाढी, डोकी आणि नखं करायचा. आत्ता त्याच्या मांडीवर वीरप्पाचा उजवा पाय होता.

"कोपरा राह्यला की टोचतोय, वीरप्पा. जरा आत घेतो."

"मागल्या खेपंला बी आतच घेतलास की!"

"म्हणून तर ह्या खेपंला आनखी आत घेतो."

अयोध्येच्या हातातली शेंग नुसतीच दाबली गेली, फुटली नाही. पलीकडून एक लांब "स्सऽऽ" आला, आणि मग सिद्रामप्पाचा समाधानी आवाज: "बघ, कसं झालंय. चंद्रकोर!"

चिंचोळी गावातल्या सगळ्या बापयांच्या अंगठ्यांवर ही चंद्रकोर होती. सिद्रामप्पाच्या बापानं ती त्याला शिकवली होती. नखं काढायच्या नऱ्हाणीचं टोक कोपऱ्यात खोल घालायचं आणि नख असं गोल काढायचं की त्याला कोपराच राहू नये. दिसायला फार देखणं. पंधरा दिवसांनी मात्र तेच नख वाढताना बाजूच्या मासात शिरायचं, बोट लाल व्हायचं, ठणकायचं, आणि माणूस लंगडत पुन्हा लिंबाखाली यायचा. सिद्रामप्पा अजून खोल जायचा. गावातले निम्मे बापे वर्षातले सहा महिने टाचेवर चालत. परगावच्या माणसाला वाटायचं, इथली चालच अशी आहे.

बायकांचं तसं नव्हतं. बायकांची नखं अयोध्या काढायची. तिच्या माहेरी नखाच्या दोन कोपऱ्यांना कान म्हणत. नख आडवं, सरळ काढायचं आणि कान तेवढे मासाच्या वर राहू द्यायचे, एवढंच तिच्या आईनं शिकवलं होतं. चिंचोळीत एकाही बाईचा अंगठा कधी पिकला नव्हता.

हे गावाच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. पण ध्यानात आलेल्या गोष्टीला गावानं भलतंच कारण शोधलं. आण्णासाहेब पाटलांनी एकदा चावडीत सांगून टाकलं, "बायकांच्या पायात जोडवी असत्यात. चांदी उष्णता वढून घेती." झालं. महिन्याभरात उमरग्याच्या सोनाराकडं अकरा बापयांनी गुपचूप जोडवी घडवून घेतली. पाटलांची सगळ्यात जाड. वर जोडा चढवायचे, त्यामुळं दिसायची नाहीत. पण देवळात जोडे काढले की टण टण आवाज यायचा आणि सगळे एकदम घंटेकडं बघायचे. विधवा सत्यभामाबाईंच्या पायात वीस वर्षं चांदी नव्हती आणि अंगठाही कधी दुखला नव्हता. त्याबद्दल मात्र चावडीत कुणी बोललं नाही.

का बोलावं? सिद्रामप्पासारखा माणूस शोधून मिळाला नसता. तापाच्या साथीत सगळी दारं बंद होती तेव्हा हाच एकटा घरोघर पाण्याची घागर घेऊन हिंडला होता. वीरप्पाच्या आजारी बापाचं तोंड यानंच पुसलं होतं. अशा माणसाला कुठल्या तोंडानं म्हणायचं, बाबा, तुझा हात चुकतोय?

अयोध्या एकदा म्हणाली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा. "अहो, कान जरा ठेवत जा की." सिद्रामप्पा ओरडला नाही. त्यानं नऱ्हाणी तिच्यापुढं ठेवली, "मग तूच कर," म्हणाला, आणि दोन दिवस हत्यारांची धोकटी उघडली नाही, भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच नऱ्हाणी पुसून धोकटीत ठेवली. त्यावर सव्वीस वर्षं गेली.

फसली तेराशे चोपन्नचं साल होतं ते, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीस. निजामाच्या राज्यात घासलेट चिठ्ठीवर मिळत होतं, लुगडं नशिबावर. तशातच वीरप्पाच्या लेकीचं, शिवम्माचं, लग्न आळंदच्या घराण्यात ठरलं. वीरप्पा म्हणजे पुरवंत. लग्नाआधी वीरभद्राचा गुग्गुळ, म्हणजे पेटत्या धुपाच्या मडक्याची मिरवणूक, निघाला की छातीवर देवाचा मुखवटा, पायात घुंगरं, हातात तलवार घेऊन पुढं नाचायचा मान त्याचा. आसपासच्या वीस गावांत कुणाच्या लग्नाचा गुग्गुळ त्याच्यावाचून निघाला नव्हता. आता त्याच्या स्वतःच्या लेकीचा गुग्गुळ पंधरा दिवसांवर आला होता आणि वीरप्पाला जोड्यात पाय घालवत नव्हता.

लिंबाखाली नख काढून घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वीरप्पाची बायको पार्वतम्मा नखं काढायला अयोध्येकडं आली. पाय पुढं केला आणि पदर डोळ्याला लावला.

"काय झालं अक्का? म्या अजून हात बी लावला न्हाय."

"आळंदचा सांगावा आलाय. म्हणत्यात, तुमचा पुरवंत लंगडतोय असं कानावर आलं. गुग्गुळात पाय अडखळला तर अपशकुन हुईल. आमी आमचा पुरवंत संगं आणू का?" पार्वतम्मानं नाक पुसलं. "रातीपासनं मालक जेवलं न्हाईत. म्हणत्यात, लेकीच्या गुग्गुळात दुसरा नाचला तर म्या तलवार देवापुढं ठिवतो आन् परत उचलत न्हाय."

"दवाखान्यात दावलं का?"

"दावलं की उमरग्याला. डागदर म्हणला, लई पिकलं तर नख काढावं लागंल. मग महिनाभर पाय खाली टेकायचा न्हाय. महिना कुठनं आणू?"

अयोध्या पार्वतम्माच्या अंगठ्याकडं बघत राहिली. सरळ, गुलाबी, दोन्ही कान जागेवर. तिच्याच हातचं नख. पुरुषाच्या पायाला तिनं हात लावायची रीत नव्हती, आणि नवऱ्याच्या मागं त्याच्या गिऱ्हाइकाला शिकवायचं म्हणजे तर घरातच चोरी. ती उठली, कुडापलीकडं कुणी नाही ना बघून आली.

"अक्का, एक सांगते. पर म्या सांगितलं ते भाहीर कुणाला कळू द्यायचं न्हाय."

त्या दिवसापासून वीरप्पाच्या घरी रोज एक कारभार सुरू झाला. अयोध्या उंबऱ्याबाहेर पाठ करून बसायची, आत वीरप्पा परातीत पाय सोडून, आणि पार्वतम्मा दोघांच्या मध्ये.

"पाणी सोसंल एवढं ऊन. मीठ घाला मूठभर. दोन भाकरी भाजून हुईस्तवर पाय भाहीर काढायचा न्हाय."

"तिसरी बी भाजा," आतून वीरप्पा. "भूक लागली."

"मग कोरडं पुसा. आता म्या वळून दिलेली वात घ्या, उकळून गार केलेल्या करडीच्या तेलात भिजवा. अंगठ्यानं मास जरा खाली दाबा, आन् नखाच्या कोपऱ्याखालनं वात सरकवा. हळू. वर उचलायचं, कापायचं न्हाय."

"नखात वात लावली," वीरप्पा कण्हला, "आता काडी बी वढ, म्हंजी दिवाळी हुईल."

"गप बसा हो!"

देवापुढं लावायच्या वाती अयोध्या केसासारख्या बारीक वळायची. तेच कसब आता कामाला आलं. रोज जुनी वात काढायची, पाणी, मीठ, नवी वात. पहिले दोन दिवस वीरप्पानं पार्वतम्माच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चौथ्या दिवशी पू वाहून गेला आणि ठणका उतरला. पाचव्या रात्री तो घोरला, आणि पार्वतम्मा त्या घोरण्यानं आनंदून जागी राहिली. निमुळत्या टोकाचे जोडे अयोध्येनं आधीच माळ्यावर टाकायला लावले होते. "बोटं एकमेकांच्या उरावर बसवून नख सरळ कसं वाढंल?" नवव्या दिवशी पार्वतम्मा पळत ओसरीवर आली. "अयोध्याक्का! कान आला भाहीर!"

"दिसतोय?"

"मासाच्या वर हाय. पांढरा. तांदळाच्या कणीयेवढा."

अयोध्येनं उंबऱ्याकडं पाठ असतानाच हात जोडले.

अकराव्या दिवशी मात्र घोळ झाला. सिद्रामप्पानं सकाळीच धोकटी काखेत मारली. "वीरप्पा धा-बारा दिसांत फिरकला न्हाय. लेकीच्या गुग्गुळाला पाय दुखाया नगो. मीच जातो आन् कोपरे मोकळे करून येतो."

अयोध्येच्या हातातून पीठ सांडलं. "आज? आज अमुशा हाय की."

"अमुशा गेली परवा."

ती काही बोलायच्या आत तो रस्त्याला लागलाही. जीव मुठीत धरून ती मागच्या गल्लीनं धावली. पण ती मागच्या दाराआड येऊन उभी राहीपर्यंत सिद्रामप्पा ओसरीवर बसून नऱ्हाणी पुसत होता आणि वीरप्पा पाय धोतरात गुंडाळून घामाघूम झाला होता.

"दाव की पाय."

"नवस हाय," वीरप्पा म्हणाला.

"कसला?"

"गुग्गुळ हुईस्तवर पायाला लोखंड लावायचं न्हाय."

सिद्रामप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या परातीकडं, तेलाच्या वाटीकडं, वातींकडं. त्या वाती कुणाच्या वळणाच्या, हे त्याला कळलं नसेल असं म्हणायला अयोध्येचं धाडस झालं नाही. त्यानं नऱ्हाणी धोकटीत ठेवली. "नवस हाय तर हाय," एवढंच म्हणाला. त्या रात्री तो नीट जेवला, पण धोकटी उशाशी घेऊन कुडाकडं तोंड करून झोपला. अयोध्येला वाटलं, धोकटी आता पुन्हा बंद पडणार.

गुग्गुळाच्या दिवशी उजाडायच्या आधीच हलगी कडाडली. आळंदचे पाव्हणे वेशीपाशी रांग धरून उभे होते, सगळ्यांच्या नजरा जमिनीकडं. त्यांचा पुरवंतही आला होता. "सहज आलोय," म्हणाला, पण घुंगरं पिशवीत होती. पार्वतम्मानं गुग्गुळाचं पेटलेलं मडकं हातात घेतलं. रीतीप्रमाणं मशाल धरायचा मान न्हाव्याचा, म्हणून सिद्रामप्पा तेलाची बुधली आणि मशाल घेऊन वीरप्पाच्या अगदी बाजूला.

वीरप्पा घरातून बाहेर आला. अनवाणी. लाल कासोटा, छातीवर पितळी वीरभद्र, कपाळभर भस्म. आधी तो सावकाश चालला. अयोध्या बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिच्या पायाची बोटं आपोआप आवळली गेली होती.

"आहा वीरा! आहा रुद्रा!"

आणि त्यानं उजव्या अंगठ्यावर गिरकी घेतली.

एक. मग दुसरी. मग अशी तिसरी की घुंगरांचा आवाज वेगळा वेगळा ऐकूच येईना, नुसती एक चमकती रेघ त्याच्या पायाभोवती फिरत राहिली. गल्ली खडकाळ, मध्ये बैलगाड्यांची चाकोरी, पण पाय कुठं अडखळला नाही. तलवार आभाळाला लागली, खाली आली, गुडघा टेकून तो उठला तो थेट चवड्यावर. हलगीवाल्याला त्याच्यामागं धावावं लागलं. आळंदचे पाव्हणे आधी मान हलवायला लागले, मग पाय हलवायला लागले, आणि देवळाच्या चौकात पोचेपर्यंत त्यांचा सगळ्यात म्हातारा माणूस पटका उडवत ओरडत होता, "हर हर महादेव! ह्येला म्हणायचं पुरवंत!" त्यांच्या पुरवंतानं पिशवीतली घुंगरं काढली आणि वीरप्पाच्या पायावर ठेवून नमस्कार केला. नवरीच्या वेषातली शिवम्मा लाज सोडून टाळ्या पिटत होती. पार्वतम्माच्या हातातला गुग्गुळ धडधडत होता, आणि ती रडत होती का धुरानं डोळे चुरचुरत होते, हे अयोध्येला सांगता आलं नसतं, कारण तिच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढं सगळं पाण्यातून दिसत होतं.

ऊन वर आलं तेव्हा वीरप्पा देवळाच्या पायरीवर बसला. पार्वतम्मानं त्याच्या पायावर पाणी घातलं. गाव भोवती जमलं.

"लंगडत हुता माणूस पंधरा दिसांमागं! काय केलंस रे?"

"चांदीचा गुण," आण्णासाहेब घाईनं म्हणाले.

"वीरभद्राची कृपा," दुसरा कुणी म्हणाला.

वीरप्पानं अयोध्येकडं एकदा बघितलं आणि नजर वळवली. "व्हय. त्येचीच कृपा," तो म्हणाला.

सिद्रामप्पानं मशाल मातीत विझवली. गर्दीतून वाट काढत तो पुढं आला, पायरीखाली मांडी घालून बसला, आणि वीरप्पाचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. वीरप्पानं या खेपेला पाय ओढून घेतला नाही. सिद्रामप्पानं अंगठा उन्हाकडं वळवला. नख सरळ, दोन्ही कोपरे मासाच्या वर. त्यानं बोटानं एक कोपरा हळूच दाबला, मग दुसरा. वीरप्पा कण्हला नाही.

हलगी थांबली होती.

"हे नख माझ्या हातचं न्हाय," तो म्हणाला.

"आरं सिद्रामा, देवाचं कारण असतंय," आण्णासाहेब समजुतीनं म्हणाले. "आता कशाला..."

"देवाला मदी घालू नगा, आण्णासाहेब." त्यानं मान वर केली आणि माणसांच्या डोक्यांवरून बायकांच्या घोळक्यात अयोध्येला शोधलं. "मघा मशाल धरून म्या नाच बघितलाच न्हाय. हे बोट बघत चाललो. तीस वर्सं गावाचे अंगठे पिकवले ते म्याच. कोपरे म्या कापत हुतो म्हणून नखं आत जात हुती. तुमाला समद्यांना ठावं हुतं, आन् हिनं तर मला सव्वीस वर्सांमागंच सांगितलं हुतं."