निर्दोष पान

“पान असं लिही, की रंग काढले, चित्रं काढली, तरी अर्थ जागच्या जागी उभा राहिला पाहिजे. कुणी बघणार नाही तिथेच हात नीट चालव.”

कॉम्प्युटर क्लासच्या लवू सरांचं हे सांगणं मनातल्या मनात म्हणतच मनिषाने ‘माडाखाली’ या घरगुती निवासाच्या वेबसाइटच्या कोडमधला एक रिकामा टॅग खोडला. तो कुणाला दिसत नव्हता, कुणाला नडतही नव्हता. पण देवघरामागचं जळमट पाहुण्यांना दिसत नाही म्हणून कुणी तसंच ठेवत नाही. तिने पान तपासणीला टाकलं. हिरवी खूण आली. एकही चूक नाही.

मग तिने गूगल उघडलं, गणपतीपुळ्याजवळ घरगुती राहण्याची सोय शोधणारा माणूस जे लिहील ते लिहिलं, आणि बोटाने यादी वर सरकवत राहिली. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. पार तळाला, बंद पडलेल्या एका लॉजच्याही मागे, ‘माडाखाली’ सापडलं. काल होतं तिथेच.

सगळ्यात वर ‘किनारा कॉटेज’ होतं. त्यांचा कोड तिने कितीदा तरी उघडून पाहिला होता. टॅग एकात एक अडकलेले, मुख्य मथळे वाटेल तिथे, चित्रांना नावं नाहीत, दुसऱ्याच कुठल्या रिसॉर्टचं उचललेलं मेनूकार्ड तसंच लोंबतंय. पान उघडताना दचकल्यासारखं हलायचं. आणि तरी पहिलं.

मनिषाने लॅपटॉप जरा जोरातच मिटला. लगेच त्याला हात लावून नमस्कार केला. रागाचा हात सरस्वतीवर पडला होता.

तिचा दिवस नेमाने चालायचा. तुळशीला पाणी, एक अध्याय, मग काम. दिवेलागणीला लॅपटॉप बंद. रत्नागिरीत घरबसल्या ती लोकांच्या वेबसाइट करायची, आणि कामाचा नेमही देवाच्या नेमासारखाच पाळायची. म्हणून तर मालगुंडचा सर्वेश पहिल्यांदा आला तेव्हा ती इतक्या ठामपणे बोलून गेली होती. सर्वेश मुंबईत एका गोदामावर सुपरवायझर होता. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून नोकरी सोडून आला आणि घरामागच्या माडांत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. शिमग्यापर्यंत बघतो, म्हणाला. जमलं नाही, तर पालखी नाचवून मुंबईकरांच्याच गाडीतून परत जायचं. तेव्हा मनिषा म्हणाली होती, “पान नीट लिहिलं की आपोआप वर येतं. तुम्ही काळजी करू नका.”

आता आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. शिमगा तोंडावर आला होता आणि सर्वेशचे फोन दिवसेंदिवस तिखट होत चालले होते. कालच तो म्हणाला होता, “मॅडम, तुमचं लिखाण शुद्ध आहे, मान्य. पण गूगलला काय आपल्याला स्कॉलरशिपला बसवायचंय?”

दुपारी तिने सानवीला फोन लावला. सानवी तिच्याच क्लासातली, आता पुण्यात हेच काम मोठ्या कंपनीत करत होती. तिने ‘माडाखाली’ उघडून पाहिलं आणि आधी मनापासून कौतुक केलं. असा कोड आजकाल कुणी लिहीत नाही म्हणाली.

“मने, रागावू नको. स्वच्छ कोडमुळे गूगलला पान वाचता येतं, ते भराभर उघडतं. तेवढंच. रोज आंघोळ करणाऱ्याला कुणी बक्षीस देतं का गो?”

“मग त्या किनाऱ्याला कशाचं बक्षीस मिळालंय?”

“त्यांच्याबद्दल लोक बोलतात. वर्षानुवर्षं लिहितायत. तुझ्या ह्या घराबद्दल एका माणसाने एक ओळ लिहिलेली नाही. माणसं येतात ना तिथे?”

माणसं येत होती. ओळखीतून, कुणाच्या सांगण्यावरून, थोडी का होईना, येत होती. आणि एकानेही एक ओळ लिहिली नव्हती. मनिषाने पुन्हा पुन्हा पाहिलं. रिव्ह्यूंच्या जागी नुसता पांढरा चौकोन. तिने इतके दिवस मथळे, टॅग, चित्रांची नावं घासूनपुसून काढली, पण त्या चौकोनाकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो तिच्या हातातला नव्हता, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी अध्याय आटोपून ती आरेवारेच्या रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.त बसली.

ती पोचली तेव्हा कोल्हापूरचं एक कुटुंब निघायच्या तयारीत होतं. सर्वेश गाडीच्या डिकीत बॅगा लावत होता. मनिषाला बघून त्याने नुसती मान हलवली. रिव्ह्यूचं विचारल्यावर मात्र त्याचा बांध फुटला. तो प्रत्येकाला हात जोडून सांगतो, लिंक पाठवतो, वर आठवणही करतो. सगळे हो म्हणतात आणि गाडी फाट्यावरून वळली की विसरतात. आपल्याकडे काहीतरी कमी असेल, नाहीतर सगळेच्या सगळे कसे विसरतील, असं तो म्हणाला आणि डिकीचं झाकण आपटलं. मग चेहरा बदलून गाडीमालकाकडे गेला. “सर, तेवढं लिहायचं लक्षात ठेवा हां.”

बेड्याजवळ, म्हणजे आवाराच्या बांबूच्या दारापाशी, सर्वेशची आई काशीकाकी कोल्हापूरच्या त्या कुटुंबातल्या सुनेचा निरोप घेत होती. मनिषा पाणी प्यायला मागे वळली म्हणून ती दोघींच्या अगदी जवळ आली. काकीने सुनेच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांची पुडी ठेवली आणि तिचा हात सोडलाच नाही.

“जेवण आवडलं ना, बाय? मग ता मनात ठेव. मोबाइलवर नको लिहू. लेकीसारखी सांगते. शब्द दे मला.”

सुनेचे डोळे भरून आले. ती वाकून पाया पडली. “नाही लिहिणार, काकी.” तिने मोबाइल पर्समध्ये टाकून चेन ओढली.

गाडी गेली. सर्वेश हात हलवत उभा राहिला, आणि मनिषा त्याच्याकडे बघूच शकली नाही.

तो बाजारात गेल्यावर ती स्वयंपाकघरात काकीजवळ जाऊन बसली. काकी विळीवर नारळ खवत होती. मनिषाने जे ऐकलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. पण शब्द एकामागून एक नीट मांडताना तिच्या हाताची बोटं आपोआप एकमेकांत घट्ट बसली. पाहुणे विसरत नव्हते. उलट, आले तेवढे सगळे शब्दाला जागले होते.

काकीने अर्धी वाटी खवून संपवली. मग सांगू लागली. सर्वेशच्या वडिलांनी नवी होडी बांधली तेव्हा बंदरावर ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव होतं. बघायला माणसं यायची. पेपरात फोटो आला, तो त्यांनी भिंतीला लावला. त्याच पावसाच्या तोंडाला होडी खडकावर गेली. माणूस पोहत आला, पण मग कधी समुद्रावर गेलाच नाही. ओटीवर बसून भिंतीकडे बघायचा. फोटो काकीने काढला, तरी बघायचा.

“तवाच मी देवीसमोर शब्द दिला. माझ्या घरातल्या कशाचा नाव मी लोकांच्या तोंडी जाऊ देणार नाय. माझा पोर तेवढा संभाळ.”

“सर्वेशला माहीत आहे?”

“त्याला कशाला सांगू? तो हसंल.”

मनिषा हसली नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर कदाचित तिने समजूत घातली असती, चार दाखले दिले असते. पण नेम म्हणजे काय हे तिला माहीत होतं. तापात असतानाही भिंतीला धरून तुळशीपर्यंत जाणारी बाई ती स्वतःच. ‘सोडून द्या, काही होत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून येईना. आणि न बोलावं तर पोर जातोय. तिला स्वतःचाच राग आला, काकीचा आला, त्या हिरव्या खुणेचा तर फारच आला.

“काकी, नाव लोकांच्या तोंडी गेलं नाही तर सर्वेश मुंबईला जाईल. शिमगा झाला की.”

विळी थांबली. “तुला त्या तुझ्या कोडात काय नाय करता येणार?”

“जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. आता त्यात करायला काही उरलेलं नाही.”

हे वाक्य कामाची पावती म्हणून तिला अभिमानाने उच्चारायचं होतं कधीतरी. आता ते कबुलीसारखं बाहेर पडलं.

काकीने खवलेला नारळ ताटात गोळा केला, कडेचे दाणे बोटाने आत ओढले. “देवीला दिलेला शब्द माझ्या मनाने मोडता यायचा नाय. तिलाच इचारायला लागंल.” मंगळवारी सकाळी ती कौल लावणार होती. गुरव देवीच्या अंगावर कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजव्या बाजूची पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला तर आहे तेच पाळायचं, पोर गेला तरी.

“एकटी नाय जाणार मी,” काकी म्हणाली. “डावी पडली, तर परत येताना पाय उचलायचे नाय माझे. तू येशील?”

“येईन.”

“सर्वेशला नाय सांगायचा.”

“नाही सांगणार.”

फाट्यापर्यंत सर्वेशने तिला दुचाकीवरून सोडलं. उतरल्यावर हेल्मेटची काच वर करून त्याने विचारलं, काही सापडलं का. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. तेव्हा तिच्यापाशी जेवढं तिचं स्वतःचं होतं, तेवढंच तिने सांगितलं.

“कोडात दोष नाही, सर्वेश. पण पहिल्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. नीट लिहिलं की आपोआप वर येतं, असं नसतं.”

“हे आता सांगताय?”

“आत्ताच कळलं मला.”

ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. त्याने काच खाली केली आणि गाडी वळवली.

मंगळवारी अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा तिने तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला. मोबाइलवर सर्वेशचा मेसेज येऊन पडला होता. गोदामाच्या मालकाशी बोलणं झालंय, वेबसाइटचं काम आता थांबवा, पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायची गरज नाही. खाली एक ओळ होती: आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.

मनिषाने तो दोनदा वाचला. उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. लॅपटॉप टेबलावर तसाच मिटलेला होता. तिने तो उघडला नाही.

मंगळवारचा तिचा उपास असायचा. तरी तिने चहा टाकला, भरपूर आलं किसून, आणि थर्मास गरम पाण्याने विसळून काठोकाठ भरला. देवळाकडून घरी यायचा रस्ता चढाचा होता, मधे एक पार होता. कळी कुठल्याही बाजूला पडो, परत येताना काकीला तिथे बसायला लागणार होतं.

थर्मास पिशवीत नारळाशेजारी उभा राहीना. तिने त्याला टॉवेल गुंडाळून घट्ट बसवला, दाराची कडी लावली आणि पहिली एस.टी. चुकू नये म्हणून जरा झपझप चालू लागली.