जेवायला घरी जाण्याची अट

त्या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशाखाली ठेवलं होतं, आणि शब्दकोश उचलावा लागू नये म्हणून अडलेले शब्दही तसेच सोडून देत होतो.

बाई ज्या कंपनीत होत्या ती रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात बाहेरून घेतलेले कोडचे शेकडो तुकडे असतात, कुणीतरी लिहून जगासाठी मोकळे ठेवलेले. कुठला तुकडा कुणाचा, त्याचा परवाना काय, त्यात धोका आहे का, हे पाहणं बाईंचं काम. त्यातला एक तुकडा माझा निघाला. ग्रंथपाल असताना लिहिलेला; लेखकांच्या नावांपुढचं 'डॉ.', 'प्रा.' वगळून ती अकारविल्हे लावणारा. आता तो रुग्णांची नावं लावत होता.

बाईंनी लिहिलं होतं, कुणी खोडसाळपणे एका नावापुढे हजारो 'डॉ.' भरले, तर तुकडा फिरतच राहतो आणि नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक अडकतो. शिवाय, 'परवान्याच्या जागी एकच वाक्य आहे: कुणीही वापरा, पण जेवायला घरी जा. आमचे वकील विचारतात, ही अट आहे का? असल्यास ती पाळल्याचा पुरावा काय ठेवायचा? नेहमीचा परवाना द्या, नाहीतर तुकडा काढावा लागेल. लेखक दोघं दिसतात. दोघांची संमती हवी, मेलवर चालेल.'

दुसरी लेखिका माझी मुलगी, भिंगरी. कॉलेजच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायची. अर्धा कोड तिचा, आणि ते वाक्यही तिचंच. स्वयंपाकघरातून जेवायला हाका मारमारून ही, म्हणजे तिची आई, दमली, तेव्हा भिंगरीनं ते माझ्या नाकासमोर टाइप केलं होतं.

कोडमधला दोष दुरुस्त करायला मी तयार होतो. वाक्य पुसायला हात धजेना. आता ती दुसऱ्या शहरात, फोनवर आमचं "बरंय ना?" "बरंय" एवढंच होई. पुढचं बोलणं मला सुचत नसे.

"अहो, उत्तर देताय की त्या पत्रावर अंडी उबवताय?" हिनं विचारलं. "तिकडे आजारी माणसं रांगेत खोळंबतील."

"भिंगरीला विचारायला हवं."

"मग विचारा! पोटची पोर आहे, मंत्री नव्हे."

फोन हिनंच लावून दिला. मी चाचरत सगळं सांगितलं. पलीकडून खळखळून हसू आलं.

"बाबा, ते वाक्य वकिलांनी वाचलं?"

"काढा म्हणतात. मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"मला?" ती म्हणाली. "तुम्हाला वाटतंय ना?"

मी चष्मा पुसत राहिलो.

"असं करू. परवाना नेहमीचाच लावू. वाक्य खाली टिपेत ठेवू, विनंती म्हणून. विनंती मोडली म्हणून कुणी कोर्टात जात नाही. आता फाइल उघडा."

उघडली. ती तिच्या पडद्यावर वाचत होती, मी माझ्या.

"हे बघा! एक 'डॉ.' काढला की तुम्ही नाव पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचता. असं का?"

"मधूनच वाचायला घेतलं तर काही निसटेल, असं वाटलं."

"तुम्ही पुस्तकंही अशीच वाचता! आई म्हणते, म्हणून एक संपत नाही. खूण ठेवा आणि पुढे चला, बाबा."

खूण ठेवली. हजारो 'डॉ.' भरून पाहिले. तुकडा अडखळला नाही. दुरुस्ती त्याच संध्याकाळी नेटवर गेली, त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. राहिली संमती.

"मेल टाकते," ती म्हणाली.

"कागदावर दिली तर?" मी विचारलं. "म्हणजे, सही वगैरे. मेल चालतो, तसं त्यांनी लिहिलंय. पण…"

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

"शनिवारी येते," भिंगरी म्हणाली.

शनिवारी तिनं संमतीपत्रावर माझ्या सहीखाली सही केली. हिनं पत्र वाचून "चार ओळींसाठी एवढं बाळंतपण!" म्हटलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं. आम्ही दोघं चालत निघालो. वाटेत तिनं नोकरीतलं बरंच काही सांगितलं, मीही काहीबाही विचारलं. टपालपेटीपाशी मी पत्ता पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो, तेव्हा तिनं माझा हात धरून पाकिटासकट फटीत नेला, आणि मी पाकीट सोडलं.