मागावर कोण बसतं?

संवत एकोणीसशे छप्पन्नच्या दुष्काळात ज्यांचं होतं नव्हतं ते गेलं, अशा घरांतल्या बायकांना विणकाम शिकवायची एक शाळा धारच्या काही सधन मंडळींनी काढली होती. शिकून झालं की प्रत्येकीला घरी एक माग मिळायचा. सहा वर्षांनी या मंडळींचे प्रमुख बापूसाहेब यांनी मला बोलावलं. "मोरोपंत, अठरा माग दिलेत. बायका खरंच विणतात का, ते डोळ्यांनी बघून या. निदान निम्म्या विणत नसतील तर शाळा बंद."

शाळा बंद म्हणजे भवानीबाई रस्त्यावर. शिकवणारी तीच, आणि राहायचीही शाळेच्याच ओसरीवर. दुष्काळानं तिचं दुसरं कुणी ठेवलं नव्हतं.

मी कारकून माणूस. दोन दिवसांत अठरा घरं हिंडलो आणि अठराही मागांवर पुरुष! शून्यं लिहून लिहून डोकं भणभणलं. मागावरचं कापड सुरेख होतं, पण विणणारे एकेक दिव्य होते. शेवटच्या घरी खंडोजीनं माझ्यादेखत तीनदा धागा तोडला. मागाखालच्या खड्ड्यात त्याचे पायसुद्धा मावत नव्हते, गुडघे हनुवटीला टेकत होते.

"हा खड्डा खणला कुणी?"

"मैंनेच, पंत."

"मग स्वतःच्या मापाचा नाही खणता आला?"

तो ओशाळून हसला. त्याची बायको सुभद्रा डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होती. याला लबाडी म्हणावं की मूर्खपणा, मला कळेना. राग आला तो भवानीबाईचा. हिनं शिकवलं तरी काय?

तडक निघालो आणि अर्ध्या गल्लीतून विसरलेल्या छत्रीसाठी परतलो. आतून मागाचा आवाज येत होता, खटखट, एका लयीत, एकदाही न अडखळता. आणि खंडोजी बाहेर ओट्यावर बसून कांड्यांवर सूत भरत होता! मला पाहताच तो धडपडत आत पळाला. आवाज थांबला.

छत्री तिथंच सोडून मी भवानीबाईला गाठलं.

"पंत, तुम्ही दारात आलात की बाई उठणारच नी!" ती म्हणाली. "मोठ्या माणसासमोर खड्ड्यात पाय सोडून बसेल क्या? और माग रिकामा दिसला तो तुम्ही उचलून न्याल, म्हणून आदमी बसतो. इतनी-सी बात."

इतनी-सी! म्हणजे मी दारात आलो की काम थांबतं, आणि थांबलेलं काम मी लिहून आणतो. मग तपासायचं तरी कसं? दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घरोघर गेलो, पाणी प्यालो, वहाणा वाजवत निघालो आणि कोपऱ्यावर थांबून कान दिला. सोळा माग न अडखळता चालू झाले. कागदावर लिहिलं: पाहिल्या शून्य, ऐकल्या सोळा.

बापूसाहेब भडकले. "ऐकल्या? ही काय गवयांची तपासणी आहे?" आणि स्वतःच खंडोजीकडे निघाले. पाठोपाठ मी आणि भवानीबाई.

गल्लीतून आवाज ऐकू येत होता. आम्ही दारात पोचलो आणि तो थांबला. आत खंडोजी खड्ड्यात घामाघूम, धागा तुटलेला.

"बघा," बापूसाहेब म्हणाले, "पुरुषच विणतोय. शाळा बंद."

भवानीबाई उंबऱ्याशी मटकन खाली बसली. मला फार वाईट वाटलं, कारण ती शून्यं माझ्याच हातची होती.

तेवढ्यात सुभद्रा दाराआडून बाहेर आली. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली. तो उठला. ती पदर खोचून खड्ड्यात पाय सोडून बसली, धागा सांधला आणि धोटा फेकला.

बापूसाहेबांनी चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. परस्त्रीला अशी बसलेली बघायची कशी? मीही वळवलं. आम्ही दोघे थोर तपासनीस भिंतीला नाक लावून उभे, आणि पाठीमागे माग चाललेला.

आवाज एकदाही अडखळला नाही.

"पाहिलीत?" मी हळूच विचारलं.

"नाही," बापूसाहेब भिंतीलाच म्हणाले. "तुम्ही?"

"नाही."

"मग लिहा. पाहिल्या, सोळा."