चिकटोबाचं ताट

"चिकटोबा जेवला का?" धाकटीचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा आणि पहिला प्रश्न हाच असायचा.

"जेवला की! पोट बघ कसं टम्म झालंय," मी ठोकून द्यायचे. पोट खपाटीला गेलं होतं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, तिला सातवा महिना. रक्तदाब वाढला म्हणून तिला दवाखान्यात झोपवून ठेवलेली, नवरा बोटीवर, म्हणून तिचं घर सांभाळायला मी येऊन राहिले. सांभाळायचं होतं काय, तर चार कुंड्या आणि हा मासा. वीतभर, काळपट, दिवसभर काचेला तोंड लावून चिकटलेला. काचेवरचं शेवाळ खरवडून खायचं, एवढाच त्याचा उद्योग. अकरा वर्षं पाळलाय तिने. लग्नाच्या आधीपासूनचा. "माझं थोरलं पोर" म्हणते त्याला.

आता मी दातांच्या डॉक्टरकडे हत्यारं धुते, वीस वर्षं झाली. कुठे डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. आल्या दिवशी तो हिरवागार टँक बघितला आणि शिसारी आली. चिकटोबाला बादलीत काढला, काचा घासल्या, दगड उकळले, आतला लाकडाचा ओंडकासुद्धा ब्रशने खरवडला. टँक असा लख्ख झाला की मी स्वतःवरच खूश. ते शेवाळ म्हणजेच त्याचं जेवण होतं, हे डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तो कोऱ्या काचेवर तोंड फिरवत बसला, तेव्हा कळलं. काकडी उकडून टाकली, ढुंकून बघितलं नाही. दुकानातून शेवाळाच्या गोळ्या आणल्या, त्या तळाशी भिजून लगदा झाल्या.

"बाई, त्याचं ताट तुम्ही धुऊन पुसून ठेवलंत आणि वर मला विचारता, जेवत का नाही?" दुकानदार म्हणाला. "इतक्या वर्षांची सवय आहे त्याची. शेवाळ धरलेले दगड कुठे मिळाले तर टाका. माझ्याकडचे औषधाने धुतलेले आहेत, त्यांचा उपयोग नाही."

त्या संध्याकाळी धाकटीला सांगायला हवं होतं. पण तिला कसलाही ताप देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना? तेवढंच मी धरून बसले. खरं सांगते, तिच्या तापाची काळजी कमीच. ती मला बोलेल, ही भीती जास्त. जन्मभर मी तिला पसारा करते म्हणून ओरडले. आता माझं ऐकून घ्यायचं कसं?

"जेवला," मी म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

जीव थाऱ्यावर नसला की मी घासायला घेते, आणि हात चालायला लागले की डोकं बंद. पाचव्या दिवशी शेगडी घासली, नळ घासले, मग बाल्कनीत शिरले. तिथे कुंड्यांच्या मागे, उन्हात, एक काचेची बरणी होती. आत पाणी आणि बुळबुळीत गोटे. शी! धाकटीचा पसारा, दुसरं काय. पाणी ओतलं, गोटे गरम पाण्यात टाकले, बरणी चकचकीत करून ओट्यावर पालथी घातली. जरा बरं वाटलं.

सहाव्या दिवशी चिकटोबाने काच सोडली. तळाशी आडवा पडून नुसते कल्ले हलवत होता. सात वाजायची वाट न बघता मीच फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. टँक घासला, सहा दिवस उपाशी आहे, तुझ्याशी खोटं बोलले.

मला वाटलं, ती रडेल. ती हसली गं!

"अगं ताई, एवढंच ना? बाळंतपणाला तू येणार म्हटल्यावर टँक घासणार, हे मला माहीत नव्हतं का? म्हणून तर महिनाभर आधी बरणी भरून ठेवली. बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे. हिरवे गोटे आहेत बघ, त्यातले चार टाक. सांगायचं विसरलेच बघ मी, आणि तू रोज जेवला म्हणत होतीस, म्हणून पुन्हा आठवलंही नाही."

मी ओट्याकडे बघितलं.

"ताई? सापडली का?"

"काल घासली," मी म्हणाले.

"काल?"

"काल दुपारी. गोटेपण."

ती हसायची थांबली. मी परवा खरं बोलले असते तर बरणी हिरवीच मिळाली असती. तिने ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

"टँकमधलं पाणी भरून गोटे उन्हात ठेव," शेवटी ती म्हणाली. "आठ-दहा दिवस लागतात. आणि ताई, रोज खरं सांग."

बरणी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी दर तासाला जाऊन बघत होते. पाणी नितळ, गोटे पांढरे स्वच्छ. चिकटोबा तळाशीच होता, कल्ले हलत होते.

सातला फोन वाजला.

"जेवला का?"

"नाही," मी म्हणाले.