ताटात उरलेली नळी

सारजाबाईंनी रश्श्यात पळी घातली, तोच हिंदुरावांनी ताटावर आडवा हात धरला.

"मला नको. किती वेळा सांगायचं?"

सहा महिने दर रविवारी हा हात असाच आडवा येत होता. हिंदुराव सोलापुरातल्या एका हायस्कुलात मास्तर. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी कुठलंसं पुस्तक वाचलं आणि त्यांना शहाणपण सुचलं. किलोभर मटणामागे किती चारा जातो, किती पाणी जातं, शेरडांनी डोंगर कसे बोडके केले, हे ते वर्गात सांगत, पानाच्या टपरीवर सांगत आणि जेवताना तर हटकून सांगत. माणसाने मटण कमी केलं तर जमीन वाचेल म्हणे. शेजारच्या पंचाक्षरी मास्तरांना या त्यागाचं भारी कौतुक. त्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मटण खाल्लं नव्हतं, त्यांना मात्र कुणी त्यागी म्हणत नसे.

सारजाबाईंना त्या त्यागाची शिसारी आली होती. हिंदुरावांच्या वाटणीच्या फोडी दोघे मुलगे पहिल्याच दणक्यात उडवत. बायकांनी बसायचं ते मागून, तेव्हा पातेल्यात नुसतं तांबडं पाणी. सारजाबाईंना मटण मिळायचं ते एकाच ठिकाणी. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात त्या जेवत, आणि त्या ताटात तीस वर्षं दोन फोडी आणि एक नळी उरत आली होती. मुद्दाम उरते की चुकून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आता ताट लख्ख असे. मटण सोडलं मास्तरांनी आणि उपास घडला सारजाबाईंना. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

"मटण सोडणं सोपं नसतं," हिंदुराव भाकरी मोडत म्हणाले. "मनाचा निग्रह लागतो."

"व्हय की. तुमच्या ताटात काय उरतं, बघितलंय का कदी?"

"काहीच नाही. अन्न टाकलेलं मला चालत नाही."

"मग मी सा म्हयनं काय खाल्लं?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या रविवारी वाढ मला. मी हात लावणार नाही. तसंच ठेवीन तुझ्यासाठी."

जहागीर दिल्याचा भाव त्यांच्या तोंडावर होता.

पुढच्या रविवारी पुरुषांना हाक मारण्याआधीच त्यांनी दोन ताटं घेतली. निवडून फोडी वाढल्या, नळ्या वाढल्या आणि सून विजयमालेला समोर बसवलं.

"आत्याबाई, पर आदी आपुन?" विजयमाला दाराकडे बघत पुटपुटली.

"खा."

मागाहून पुरुष बसले. थोरल्याने आपल्या ताटातल्या दोन फोडी बोटाने ढकलून पाहिल्या.

"आई, मटण एवढंच?"

"कमी खावं," सारजाबाई म्हणाल्या. "जमीन वाचती. इचार की तुज्या बापाला."

हिंदुराव मान खाली घालून वरणात भाकरी कुस्करत राहिले.