फणसाच्या कप्प्यात राहिलेले पाहुणे

मित्रांनो, मला बारा कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला आपले छोटेसे दार आहे. फोन आत ठेवायचा, वायर जोडायची, दार लोटायचे, की माझे काम सुरू. मी चार्जिंगची पेटी आहे, आता बरीच जुनी. माझे घराणे विचाराल, तर मागचा जन्म व्हिडिओकेच्या यंत्रात गेला. सान रोके गावात बारसे असो की साठी, लोक हातात माईक घेऊन माझ्यासमोर बेसूर गात आणि मी प्रत्येकाला पडद्यावर नव्वदच्या वर गुण देत असे. त्यामुळे माणसांचे समाधान कशाने होते, याबद्दल मला फारसे भ्रम उरलेले नाहीत. पुढे एका पुरात यंत्राच्या पोटात पाणी शिरले, आवाज गेला, आणि उरलेले लाकडी खोके कुया देल्फिनने उचलून आपल्या कामाच्या पडवीत आणले.

कुया देल्फिन म्हणजे देल्फिनदादा, गावचा सुतार. त्याची धाकटी बहीण अलिंग पर्पेतुआ, म्हणजे पर्पेतुआबाई, हिचे हालो-हालोचे दुकान होते. उंच पेल्यात गोड राजमा, फणसाचे गरे, केळे, साबुदाणा. त्यावर किसलेला बर्फ आणि दूध. माथ्यावर कोनफळाच्या आइस्क्रीमचा जांभळा गोळा. सगळे ढवळून खायचे.

"याची फोन चार्ज करायची पेटी कर," ती भावाला म्हणाली. "एक पेला घेतला की चार्जिंग फुकट. सध्या लोक बर्फ वितळेपर्यंत बसतात. चार्जिंग असलं की पुढेही बसतील."

"बसून काय करतील?"

"दुसरा पेला घेतील. तू सुतारकी कर कुया, धंदा मला शिकवू नकोस. आणि कप्पे बाराच कर. तेरा नकोत."

"तेरावा मागतंय कोण?"

"कोणी मागत नाही म्हणून तर सांगते."

तर माझे बारा कप्पे झाले. पर्पेतुआची मुलगी लुनिंगनिंग, घरातली निंग, तेव्हा शाळेत होती. तिचे म्हणणे पडले की आकडे माणसे विसरतात, खाणे विसरत नाहीत. म्हणून तिने दारांवर रंगाने नावे काढली: राजमा, कोनफळ, रताळे, फणस, पोहे, खोबरे वगैरे. लांब दांड्याच्या बारा चमच्यांनाही तीच नावे बांधली. फोन दिला की त्या नावाचा चमचा मिळे, त्यानेच खायचे, आणि चमचा परत केला की फोन परत. यामुळे फोनांची अदलाबदल थांबली. चमच्यांची चोरीही थांबली, पण ते कोणी बोलून दाखवत नसे.

"रताळं झालं!" पर्पेतुआ आतून ओरडे. "राजमा, तुझ्या बायकोचा फोन आलाय! घेतोस की मी सांगू तू इथं नाहीस म्हणून?"

आमचे दुकान गाव आणि दफनभूमी यांच्या बरोबर मधे होते, आणि आमचे सगळे बरेवाईट त्या जागेमुळे झाले. आमच्याकडे मयतीहून कोणी सरळ घरी जात नाही. गेलेला माणूस सवयीने पाठोपाठ घरी येतो. म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचे, बसायचे, काही खायचे. म्हणजे त्याची चुकामूक होते आणि तो तिथेच राहतो. याला पगपग म्हणतात, म्हणजे झटकून टाकणे. अख्खे सान रोके अकरा वर्षे आपापली माणसे आमच्या दुकानात झटकत आले. पाद्रीबाबासुद्धा. "ही अंधश्रद्धा आहे, चर्चला मान्य नाही," असे ते म्हणत आणि दुसरा पेला मागवत. बर्फ जास्त.

मयतीच्या माणसांचे फोन रिकामे असत. दुबईहून किंवा मिलानहून कोणीतरी यायचे असे, त्याच्यासाठी शवपेटी आठ-आठ दिवस घरात ठेवत, आणि जो येऊ शकत नसे त्याला सगळे फोनवर दाखवत. एकदा एक म्हातारी माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. दार उघडे, वायर ताणलेली, आणि फोनमध्ये तिचा मुलगा.

"आई, बाबांच्या जवळ ने ना फोन."

"आता कुठून जवळ नेऊ? पुरलं त्यांना. मी हालो-हालो खातेय."

"मग हालो-हालो दाखव," तो म्हणाला.

तिने फोन पेल्याकडे वळवला. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तो मुलगा पाहत होता. त्या दिवशी मला, एका खोक्याला, आपण काहीतरी करतो आहोत असे वाटले. कौतुकही होत होते. लोक मला 'देवासारखी पेटी' म्हणत. नगराध्यक्षांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढला. निवडणूक जवळ होती.

मग गावाच्या दुसऱ्या टोकाला, हमरस्त्यावर, नवी दफनभूमी झाली. हिरवळ, कारंजे, वाहनतळ. जुनी भरली होती, तेव्हा तक्रार कशी करणार? प्रेतयात्रा तिकडे वळल्या. मेलेली गिऱ्हाइके पहिल्याच महिन्यात गेली आणि त्यांच्याबरोबर जिवंतही. नुसते हालो-हालो खायला कोणी आमच्याकडे येईना. वाढदिवसाची पोरे तर दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडत. आपण गोड विकतो असा पर्पेतुआचा अकरा वर्षे समज होता.

"आता आपणच लोकांकडे जायचं," ती एके सकाळी म्हणाली. "लग्नं, वाढदिवस. हालो-हालोचा कोपरा आणि शेजारी फुकट चार्जिंग. लग्नात फोटो काढून काढून फोन दुपारीच मरतात."

"नानाय, लग्नघरात 'मरतात' नको म्हणूस," निंग आईला म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"संपतात म्हण."

"ते काय वेगळं आहे?" कुया देल्फिनने विचारले.

चार ठिकाणी नकार मिळाल्यावर मॅम बेनिग्ना भेटल्या. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मुलीचे लग्न गावच्या छपराच्या बास्केटबॉल मैदानात होणार होते, आणि त्या मैदानाच्या तारखा त्यांचा धाकटा भाऊ देत असे. तो म्हणाला, हे एक लग्न नीट पार पाडा, मग मोसमातली बाकीची सगळी तुमची. हे वाक्य पर्पेतुआने तोंडपाठ केले. नाही तर महिनाअखेर दुकानाला कुलूप, हेही तिला ठाऊक होते.

"मी तीस वर्षं सायन्स शिकवलंय," मॅम बेनिग्ना म्हणाल्या. "शकुन-अपशकुन मला सांगायचे नाहीत."

"सांगत नाही, मॅम."

"पण पेटीला रंग द्या. जुनाट दिसते. आणि ती नावं पुसा."

"पुसते, मॅम."

"पांढरा रंग नको हं. पांढरा म्हणजे... तुम्हाला कळलं ना?"

"कळलं, मॅम. सायन्स."

मला गुलाबी रंग लागला. फणस गेला, राजमा गेला, त्यांच्या जागी सोनेरी आकडे आले. चमच्यांवरही आकडे. आरशात माझे रूप पाहिले तेव्हा मीच मला ओळखले नाही. मूर्खासारखी हुरळले.

लग्न थाटात झाले. प्रथेप्रमाणे कबुतरांची जोडी सोडली. एक उडाले, दुसरे छताच्या पंख्यावर जाऊन बसले आणि तिथेच राहिले. जेवणे झाल्यावर आमच्या कोपऱ्यात झुंबड उडाली. माझे बाराही कप्पे भरले. पर्पेतुआ जांभळा झगा घालून बर्फ किसत होती आणि हसत होती. इतकी वर्षे तिच्या समोर रडून आलेली माणसेच बसत, त्यामुळे ती हसण्यात कच्ची होती, पण भराभर शिकत होती. मॅम बेनिग्नांचा भाऊ दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्यांदा म्हणाला, "झकास! पुढच्या शनिवारचं बघू."

तेवढ्यात माझ्या चौथ्या कप्प्यातला फोन वाजला. पर्पेतुआचे हात बर्फात होते. तिने मागे वळूनही न पाहता अकरा वर्षांच्या सवयीने हाळी दिली,

"फणस! फणस कोणाचा? फोन वाजतोय!"

नवऱ्या मुलाची आत्या सोलेदाद चमचा तोंडात धरून थांबली. तिच्या चमच्यावर चार लिहिले होते.

"काय म्हणालीस?"

"चार म्हणाले."

"फणस म्हणालीस. पर्पेतुआ, ही तीच पेटी ना? आमच्या नेस्तोरला पुरलं त्या दिवशी माझा फोन फणसातच होता!" तिने चमचा खाली ठेवला. "आम्ही त्याला तिथंच सोडून आलो होतो."

"आमच्या सासूबाई राजम्यात," मागून एक आवाज आला.

"त्यांना गोड आवडायचंच," दुसरा म्हणाला. पण कोणी हसले नाही.

म्हाताऱ्यांनी हिशेब जुळवायला फार वेळ लावला नाही. अकरा वर्षांत गावाने झटकलेली सगळी माणसे त्या दुकानात राहिलेली. दुकानातली पेटी लग्नात आलेली. म्हणजे पेटीबरोबर सगळेच आलेले, तेही आमंत्रण नसताना. लोक कागदी रुमालात धरून आपापले फोन काढू लागले. कोणीतरी मीठ मागितले. नवरी रडायला लागली. मॅम बेनिग्ना आल्या.

"हे बघा, मी असलं काही मानत नाही."

"माहीत आहे, मॅम."

"तीस वर्षं सायन्स शिकवलंय मी."

"हो, मॅम."

"केक कापायच्या आत ही पेटी बाहेर काढा."

पर्पेतुआने त्यांच्या भावाकडे पाहिले. तो पंख्यावरच्या कबुतराकडे पाहत होता. एकाएकी त्याला त्या कबुतराची फार काळजी वाटू लागली होती.

कुया देल्फिनने मला आपल्या तीनचाकीत ठेवले. दोरी बांधायला विसरला, म्हणून पर्पेतुआ मला हाताने धरून बसली. ऊन अजून कडक होते. हमरस्त्यावर डोनटचे दुकान लागले, तर त्याच्या काचेआड अर्धे वऱ्हाड! नक्षीचे सदरे, रेशमी झगे, हातात डोनट. मंडळी लग्नाहून सरळ घरी न जाता पगपगला थांबली होती. लग्नावर अशी वेळ सान रोकेत प्रथमच आली असावी.

"थांबू का?" देल्फिनने विचारले. "आपणही बसू दोन मिनिटं."

काचेआडून सोलेदादने आम्हाला पाहिले आणि आपली खुर्ची आत ओढून घेतली.

"नको. चल," पर्पेतुआ म्हणाली.

बऱ्याच वेळाने ती पुन्हा बोलली. "कुया, सगळे आपापली माणसं माझ्याकडे सोडून घरी गेले. मी राहते दुकानाच्या मागे. मधलं दार उघडलं की माझं घर. बेर्तोला पुरलं त्या दिवशीसुद्धा सगळे दुकानातच आले आणि मी पेले भरत होते. स्वतःच्या नवऱ्याच्या मयतीला आलेल्यांचे पेले. मी कुठं थांबायचं होतं रे?"

"रस्ता खराब आहे," देल्फिन म्हणाला आणि समोर पाहू लागला. रस्ता नवा होता.

महिनाअखेर दुकानाला कुलूप लागले. नव्या दफनभूमीच्या आवारातच आता गारेगार उपाहारगृह आहे. तिथे प्रत्येक खुर्चीच्या हाताला चार्जिंगची सोय आहे, आणि कोण कुठल्या खुर्चीवर बसला होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही. पर्पेतुआ तिथे काम मागायला गेली होती. तरुण मुली हव्यात, असे उत्तर मिळाले. ती अजून बंद दुकानाच्या मागे राहते. मी देल्फिनच्या पडवीत आहे. माझ्या सात कप्प्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. उरलेल्यांत तो खिळे ठेवतो, जाडीप्रमाणे लावून. गुलाबी रंगाचे पोपडे निघू लागले आहेत. आत्मे वगैरे असतात का, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, मी आतून पोकळ आहे, आणि मला तरी कोणी भेटले नाही.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आमची निगा राखा, तेल-पाणी करा, फडके मारा. मी ते मागत नाही, माझी वेळ गेली. दुःख उतरवायला माणसाला एखादी जागा लागते, यातही काही गैर नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यावरही ती पाळी येईल. तेव्हा वाटेतल्या दुकानात बसा, गोड खा, फोन भरून घ्या. मात्र उठताना गल्ल्यामागच्या बाईला एवढे म्हणा, "चला, तुम्हीही या आमच्याबरोबर चार पावलं." ती येणार नाही. दुकान कोण बघणार? तरी म्हणा.