पाठीला पाठ लावून

पहिला फोटो: नुसतं हिरवं.

यात पाणमांजर आहे. शपथेवर सांगते.

(झुडूप आहे ते.)

घरी आल्यावर मी हे फोटो नवऱ्याला बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर मोठे करून दाखवत होते आणि सासूबाई मध्ये मध्ये बोलत होत्या. कंसात आहे ते त्यांचं.

दुसरा: टोपी, मागे खाडी.

टोपीखाली सासूबाई आहेत. खरं तर तिथे नवरा असायला हवा होता. एका गरम प्रदेशातल्या खाडीकाठच्या कॅम्पवर स्वयंसेवक म्हणून आम्ही दोघं जाणार होतो. प्राणी शोधायचे, फोटो काढायचे, पाहिलेलं सांगायचं. ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली. जागा वाया जायला नको म्हणून त्याने आईला पाठवलं. सासू-सून, एक खोली, एक पंखा. पंखा किती जोरात ठेवायचा यावर पहिली अख्खी संध्याकाळ गेली.

(आणि ठेवला माझ्या मनासारखा.)

तिसरा: मास्तर, कपाळाला हात लावून.

हे कॅम्पचे प्रमुख. सगळ्यांना गप्प बसवतात म्हणून मास्तर. त्यांचा एक नियम होता. जोडीने बघायला जायचं, पण पाहिलेल्याबद्दल आपसांत अवाक्षर काढायचं नाही. परत आल्यावर पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि मास्तर ‘हं’ म्हणाले की किती दिसले ते दोघांनी एकदम बोटांनी दाखवायचं. जुळलं तर खरं.

“आणि फोटो?” मी विचारलं.

“फोटो असला तर छानच. पण तुमचे फोटो मी पाहिलेत.”

सोमवारपासून पर्यटकांच्या मोटरबोटी सुरू होणार होत्या, त्याही खाडीच्या वळणातून, कारण तो जवळचा रस्ता. वळणावर पाणमांजरीने पिल्लं घातलीत असं मला वाटत होतं. तसं ठरलं तर वळण हंगामभर बंद, बोटी लांबून जाणार. नाही ठरलं, तर इवली पिल्लं आणि बोटीची फिरती पाती एकाच पाण्यात.

“आकडा जुळला नाही, तर एकीने तरी अंदाजाने सांगितलं असं होतं,” मास्तर म्हणाले. “अंदाजाच्या जोरावर मी बोटवाल्यांशी भांडू शकत नाही.”

चौथा: चिखल. उजवीकडे शेपटी.

आम्ही झावळ्यांच्या आडोशाला बसलो होतो. पाणमांजर बिळातून आली, मागोमाग पिल्लं आली आणि सासूबाईंचा गुडघा काडकन वाजला. सगळी गडप.

बोलायचं नाही हा नियम आम्ही होडीत पाय ठेवायच्या आत मोडला.

“तीन होती ना, आई?”

“दोन. चष्मा बदल.”

“तिसरं मुळांमागे होतं.”

“अगं, ते मूळच होतं!”

“मुळाला मिशा असतात का?”

“तुझ्या फोटोत असतील!”

कॅम्पवर पोहोचेपर्यंत हेच. मग पाठीला पाठ. सासूबाईंची पाठ ताठ, माझ्याहून ताठ. मनात म्हटलं, या बाई काही हलायच्या नाहीत. मी तीन दाखवली तर पिल्लं मेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा यांचं ऐकून बघू. मास्तर ‘हं’ म्हणाले. मी दोन बोटं वर केली.

माझ्या मागे तीन वर होती.

(मलाही तेव्हाच हिचं ऐकायची बुद्धी झाली.)

मास्तर आधी चिडले आणि मग खुर्चीत बसून हसत सुटले. “ठरवून खोटं बोलणारे खूप पाहिले. पण न ठरवता, एकमेकींसाठी, तेही उलटं?” मग डोळे पुसून म्हणाले, “उद्या रविवार आहे. शेवटची संधी. दिसेल तेच सांगायचं. कृपा करून एकमेकींचं मन राखू नका.”

त्या रात्री पंख्यावरून कुणीच काही बोललं नाही.

पाचवा. हा धड आलाय, माझाच विश्वास बसत नाही.

सकाळी सासूबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि तोंडात रुमाल धरला. पाणमांजर मासा घेऊन आली, काठावर उभी राहून चिवचिवल्यासारखी शीळ घातली, आणि बिळातून एकेक डोकं बाहेर. ढकलाढकली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर पाय दिला, माशाचं शेपूट पकडलं, ते तुटलं, कोलांटी. माझे हात असे कापत होते की कॅमेऱ्यात सगळी खाडी हलत होती. सासूबाईंनी न बोलता माझं कोपर धरलं. भाजी घेताना पिशवी धरतात तसं, घट्ट. खाडी थांबली. मी बटण दाबलं.

(कोपर नसतं धरलं, तर हेही हिरवंच आलं असतं.)

फोटो बघून मास्तर म्हणाले, “तीन. सुंदर. आता पाठी.”

फोटोत तीन होती खरी. पण मी बटण दाबायच्या आधी एक घसरगुंडी करत चिखलावरून पाण्यात गेलं होतं. मी ते पाहिलं होतं. सासूबाईंनी पाहिलं होतं का? रुमालामुळे काही कळायला मार्ग नव्हता. आता फोटोच तीन म्हणतोय, तर त्याही तीनच म्हणतील. मग मीही...

“हं.”

मी चार बोटं वर केली. डोळे मिटूनच.

पावलं वाजली. मी एक डोळा उघडला. मास्तर आमच्याभोवती गोल फिरत होते, माझी बोटं बघत, मागची बघत.

“चार!” ते ओरडले. “चार आणि चार!”

आम्ही दोघी एकदम वळलो आणि आमची डोकी टाणकन एकमेकींवर आपटली.

(मोठं टेंगूळ आलं होतं. त्याचा फोटो नाही काढला हिने.)

शेवटचा: सोमवार. वळणावर दोर, दोराला लाल फडकी.

पहिली मोटरबोट गेल्या हंगामाच्या सवयीने सरळ आलीच. सासूबाई होडीत उभ्या राहिल्या. मी त्यांची कंबर धरून बसले होते, म्हणून फोटो तिरका आहे.

“वळा!” त्या ओरडल्या. “इकडून नाही! इकडे बाळंतीण आहे!”

बोटवाल्याने इंजिन बंद केलं. “अरे वा! काय झालं? मुलगा की मुलगी?”

“चार झाली!”

त्याने टोपी काढली, लांब बांबू उचलला आणि काठाला रेटा देत, पाणीसुद्धा न वाजवता, बोट मागे नेली.